लिनक्सचं घड्याळ जुळत नाही? आधी चूक मोजा, मग हात लावा

ओटीपी ॲपमधला सहा अंकी कोड बरोबर टाकूनही सर्व्हर आत घेत नाही. पॅकेजांची यादी ताजी करणारी ‘एपीटी अपडेट’ ही कमांड चालवली की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, काही तासांनी होईल, असा चमत्कारिक निरोप येतो. कर्बेरॉस या ओळख पटवणाऱ्या प्रोटोकॉलवर चालणारं ऑफिसचं लॉगिन एका सकाळी अचानक बंद पडतं. क्लाउडवरच्या स्टोरेजला पाठवलेली विनंती सही चुकल्यासारखी परत येते. यातली बहुतेक लक्षणं पाहून घड्याळाचा संशयच येत नाही. माणूस पासवर्ड तपासतो, प्रमाणपत्रं तपासतो, फायरवॉलवाल्यांशी वाद घालतो आणि वेळ सगळ्यात शेवटी बघतो. ती सगळ्यात आधी बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. कर्बेरॉस साधारण ५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेतं, ॲमेझॉनचं एसथ्री हे क्लाउड स्टोरेज १५ मिनिटांपर्यंत आणि ओटीपीचा कोड तर दर ३० सेकंदांनी बदलतो.

वेळ चुकलेली दिसली की हात आपोआप ‘डेट’ कमांडकडे जातो आणि माणूस मोबाईलमध्ये बघून वेळ बसवून मोकळा होतो. कृपा करून तसं करू नका. चूक नेमकी किती सेकंदांची आहे, ती स्थिर आहे, हळूहळू वाढतेय की मधेच उडी मारतेय, हाच तुमच्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा असतो. वेळ हाताने बसवली की पुरावा पुसला जातो आणि बिघाड तसाच राहतो. पुढची सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे.

या लेखात कमांड आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनेच टाइप करायची.

यंत्रात घड्याळं दोन

एक मदरबोर्डवरचं, आरटीसी (रिअल-टाइम क्लॉक). मशीन बंद असतानाही ते सीआर२०३२ या बटणासारख्या सेलवर चालू राहतं. दुसरं कर्नलचं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचं. मशीन चालू होताना कर्नल आरटीसीकडून एकदा वेळ घेतं आणि तिथून पुढे प्रोसेसरच्या टायमरवर स्वतःच मोजत राहतं. ‘डेट’ कमांड दाखवते ती या दुसऱ्या घड्याळाची वेळ.

दोन्हींच्या मुळाशी क्वार्ट्झचे स्फटिक असतात आणि स्फटिक म्हटलं की थोडी चूक आलीच. दहा लाखांत २० भाग, म्हणजे २० पीपीएम, ही अगदी सर्वसाधारण चूक, पण तिचा दिवसाचा हिशोब पावणेदोन सेकंदांच्या आसपास जातो. महिन्याला जवळपास ५२ सेकंद. त्यामुळे नेटवर्कवरून वेळ जुळवली नाही तर चांगलं मशीनसुद्धा मागेपुढे होणारच. ही जुळवाजुळव एनटीपी या प्रोटोकॉलने होते. डेलावेअर विद्यापीठातल्या डेव्हिड मिल्स यांनी तो घडवला आणि १९८५ साली त्याचं पहिलं अधिकृत वर्णन प्रसिद्ध झालं. लिनक्सवर हे काम क्रोनी, सिस्टमडी-टाइमसिंकडी किंवा जुना एनटीपीडी यांपैकी कोणीतरी एक करत असतं.

पहिली पायरी: काहीही न बदलता मोजा

आधी ही कमांड चालवा:

टाइमडेटसीटीएल

स्थानिक वेळ, युनिव्हर्सल वेळ (यूटीसी, भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे), आरटीसीची वेळ, टाइम झोन, घड्याळ जुळलेलं आहे की नाही, एनटीपी सेवा चालू आहे की नाही आणि आरटीसी स्थानिक वेळेत ठेवली आहे का, हे सगळं एका जागी दिसतं. या ओळी तशाच कॉपी करून कुठेतरी ठेवा, पुढे लागतील. घड्याळ जुळलेलं असल्याची ओळ ‘यस’ म्हणत असेल आणि तरीही वेळ चुकीची दिसत असेल, तर गडबड बहुतेक वेळा टाइम झोनची असते किंवा ज्याच्याकडून वेळ घेतोय तो सर्व्हरच चुकलेला असतो.

आता नेमका फरक काढायचा. क्रोनी बसवलेलं असेल तर:

क्रोनीडी -क्यू "सर्व्हर समय१.एनआयसी.इन आयबर्स्ट"

इथला क्यू कॅपिटलमध्येच हवा. छोटा क्यू टाकलात तर क्रोनी वेळ मोजून थेट बदलूनही टाकेल. कॅपिटल क्यू फक्त मोजतो, घड्याळ इतक्या सेकंदांनी चुकलं आहे असं सांगतो आणि पुढे कंसात, दुर्लक्ष केलं आहे, अशी नोंद करतो. तो आकडा लिहून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

त्या आकड्यात बरंच काही वाचता येतं. भारतात काम करणाऱ्याने एक संख्या तर पाठच करून ठेवावी: १९८००. साडेपाच तासांचे सेकंद तेवढे होतात. क्रोनीच्या नोंदीत घड्याळ १९८०० च्या आसपास सेकंदांनी चुकल्याचं दिसलं, की नेटवर्क, सेल, स्फटिक या सगळ्यांना निर्दोष सोडून द्या. कुठेतरी स्थानिक वेळेला युनिव्हर्सल समजलं गेलंय, किंवा उलट. चिन्ह अधिक असो वा उणे, निदान तेच.

बरोबर ३६०० सेकंदांचा फरक बहुधा उन्हाळी वेळेचा असतो. भारतात तो प्रकार नाही, पण इथे बसून परदेशातले सर्व्हर सांभाळणाऱ्यांना तो हमखास भेटतो. फरक वर्षांचा असेल तर सेल संपलाय किंवा मशीनमध्ये आरटीसीच नाही. काही सेकंद ते काही मिनिटांचा आणि रोज थोडा वाढणारा फरक म्हणजे वेळ जुळवणारी सेवा बंद आहे किंवा तिला कुठूनही उत्तर मिळत नाही. आज शून्य, उद्या अचानक ४० मिनिटं, असं होत असेल तर व्हर्च्युअल मशीन थांबवून पुन्हा चालू केल्याचा संशय घ्या. आणि फरक मिलिसेकंदांत असेल तर तो बिघाड आहे का, हे तुमच्या गरजेवर ठरतं. साध्या वेब सर्व्हरला २० मिलिसेकंदांनी काहीही होत नाही.

साडेपाच तासांचं प्रकरण

हे आपल्याकडे इतकं होतं की थोडं थांबून बघू. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोज आरटीसीमध्ये स्थानिक वेळ लिहितं, लिनक्स तिथे युनिव्हर्सल वेळ आहे असं धरून चालतं. दुपारी अडीच वाजता विंडोज बंद केलं, आरटीसीत १४:३० आहे. लिनक्सने ते युनिव्हर्सल समजून त्यात साडेपाच तास मिळवले आणि रात्रीचे आठ दाखवले. मग नेटवर्क आलं, लिनक्सने वेळ सुधारली आणि आरटीसीत ९:०० च्या पुढचं काहीतरी लिहिलं. पुन्हा विंडोजमध्ये गेलात तर तिथे सकाळचे नऊ वाजलेले. लिनक्स पुढे आणि विंडोज मागे, असं जोडीने दिसलं की दुसरं काही शोधू नका.

उपाय दोन आहेत. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ देऊन लिनक्सला विंडोजसारखं वागायला लावता येतं, पण तो उपाय मी कोणाला सुचवत नाही. टाइमडेटसीटीएल स्वतःच त्यावर इशारा छापतं, आणि उन्हाळी वेळ असलेल्या देशात तर ती कायमची डोकेदुखी आहे. लिनक्सकडे शून्यच राहू द्या. विंडोजच्या रजिस्ट्रीत टाइमझोनइन्फर्मेशन या कीमध्ये रिअलटाइमइजयुनिव्हर्सल नावाची डीवर्ड व्हॅल्यू १ करून विंडोजला युनिव्हर्सल वेळ वाचायला शिकवा. लिनक्स आरटीसीला काय समजतंय हे /ईटीसी/ॲडजटाइम या फाइलच्या तिसऱ्या ओळीतही दिसतं: यूटीसी किंवा लोकल.

साडेपाच तासांचा दुसरा प्रकार यापेक्षा निरुपद्रवी आहे, पण लोक त्यात जास्त वेळ घालवतात. घड्याळ अगदी बरोबर असतं, चुकीचा असतो तो टाइम झोन. ‘डेट -यू’ देऊन युनिव्हर्सल वेळ बघा. ती बरोबर असेल तर एनटीपीला हात लावायचं कारणच नाही. ‘टाइमडेटसीटीएल सेट-टाइमझोन एशिया/कोलकाता’ एवढं पुरतं. तरीही एखादाच प्रोग्रॅम चुकीची वेळ दाखवत असेल तर त्या प्रोसेसचा टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघा. जावाचे प्रोग्रॅम आणि डेटाबेस आपापला वेगळा टाइम झोन बाळगून असतात. डॉकरच्या छोट्या इमेजमध्ये, विशेषतः अल्पाइनमध्ये, टीझेडडेटा हे टाइम झोनच्या नियमांचं पॅकेज बसवलेलं नसतं. मग टीझेडमध्ये एशिया/कोलकाता लिहूनही कसलीही तक्रार न करता युनिव्हर्सल वेळ दिसत राहते. तासाभराच्या चुकीतही हेच पॅकेज तपासायचं. मेक्सिकोने बहुतांश भागातली उन्हाळी वेळ २०२२ मध्ये रद्द केली. ज्या मशीनवर टीझेडडेटा त्याआधीचं आहे, तिथे मेक्सिकोची वेळ उन्हाळ्यात एका तासाने चुकते.

वेळ जुळवतंय कोण?

रेड हॅट, फेडोरा आणि सूसेकडे क्रोनी असतं. डेबियनवर आणि उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांवर टाइमसिंकडी सापडतं, उबुंटूनेही अलीकडे क्रोनीची वाट धरली आहे. अंदाज बांधत बसू नका, विचारा:

सिस्टमसीटीएल स्टेटस क्रोनीडी सिस्टमडी-टाइमसिंकडी एनटीपीडी

डेबियन-उबुंटूवर क्रोनीच्या सेवेचं नाव नुसतं ‘क्रोनी’ असं आहे. एकही सेवा चालू नसेल तर निदान इथेच संपलं. दोन चालू असतील तर ते जास्त वाईट, कारण दोघी एकाच घड्याळाला दोन बाजूंनी ओढत राहतात आणि वेळ कधी पुढे तर कधी मागे सरकते. आणखी एक लपलेला भागीदार असतो: कोणीतरी जुन्या काळी क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेत) टाकून ठेवलेली ‘एनटीपीडेट’ची ओळ. व्हर्च्युअल मशीनवर व्हीएमवेअर टूल्स किंवा व्हर्च्युअलबॉक्सचे गेस्ट ॲडिशन्सही वेळ बदलू शकतात. एकच ठेवा. बाकीचे बंद करा आणि मास्कही करा (पुन्हा सुरूच होऊ नयेत असे अडवा), नाहीतर पुढच्या अपडेटनंतर ते परत उठतात.

टाइमसिंकडी असेल तर ‘टाइमडेटसीटीएल टाइमसिंक-स्टेटस’ मध्ये सर्व्हर, फरक, विलंब आणि किती पाकिटं आली हे दिसतं. पाकिटांचा आकडा शून्यावरच अडकला असेल तर थेट नेटवर्कच्या भागाकडे जा. हा प्रोग्रॅम एका वेळी एकाच सर्व्हरशी बोलतो. तो सर्व्हर चुकीची वेळ सांगत असेल तर ते ओळखायचा मार्ग त्याच्याकडे नाही. लॅपटॉपला तेवढं चालतं. सर्व्हरवर मात्र क्रोनी घ्या, असं माझं ठाम मत आहे.

क्रोनीसी सोर्सेस वाचायला शिका

घड्याळाच्या निदानातली ही सगळ्यात कामाची कमांड:

क्रोनीसी सोर्सेस -व्ही

व्ही जोडल्यामुळे वरच्या बाजूला खुणांचे अर्थही छापले जातात. समजा एका मशीनवर अशा ओळी आल्या (स्ट्रॅटम म्हणजे मूळ घड्याळापासूनची पायरी, मग पोल, रीच आणि शेवटचं मोजमाप या क्रमाने; मिसे म्हणजे मिलिसेकंद):

^* पहिला सर्व्हर — २ — ६ — ३७७ — +१ मिसे, चूक ± १८ मिसे
^+ दुसरा सर्व्हर — २ — ६ — ३७६ — −२ मिसे, चूक ± ३१ मिसे
^x तिसरा सर्व्हर — ३ — ६ — ३७७ — +९०४ मिसे, चूक ± २४ मिसे
^? चौथा सर्व्हर — ० — ८ — ० — काही नाही

चांदणी असलेल्या सर्व्हरवर सध्या घड्याळ जुळवलं जातंय, अधिक असलेल्याचं मतही हिशोबात घेतलंय. क्रॉस असलेला बाकीच्यांशी जुळत नाही म्हणून क्रोनीने त्याला खोटा ठरवलंय. प्रश्नचिन्हवाल्याकडून कामाचं काही मिळालेलंच नाही. उणे म्हणजे उमेदवार बरा आहे पण गरज पडली नाही, आणि नागमोडी रेघ म्हणजे त्याची वेळ फारच डळमळते.

रीच हा रकाना लोक वाचायचा सोडून देतात आणि खरी माहिती तिथेच असते. तो आकडा अष्टमान पद्धतीत लिहिलेला आहे. मागच्या आठ प्रयत्नांची ती हजेरी, सगळ्यात ताजा प्रयत्न उजव्या टोकाला. ३७७ ची द्विमान फोड केली की आठही एक येतात, म्हणजे आठही उत्तरं आली. ३७६ म्हणजे शेवटचं एक उत्तर चुकलं. सेवा आत्ताच चालू केली असेल तर १, ३, ७, १७ असं चढत जाणं नैसर्गिक आहे, घाबरू नका. शून्य म्हणजे एकही उत्तर नाही. आकडा सतत बदलत असेल आणि कधीच ३७७ वर टिकत नसेल, तर पाकिटं वाटेत गळतायत. पोलचा आकडा दोनाचा घात आहे: ६ म्हणजे ६४ सेकंदांनी एकदा, १० म्हणजे १०२४ सेकंदांनी. म्हणून पोल १० असताना एका मिनिटात फरक पडेल अशी अपेक्षा धरू नये.

वरच्या उदाहरणात तिसऱ्याची रीच पूर्ण आहे, तरीही तो ९०४ मिलिसेकंदांनी वेगळं बोलतोय. क्रोनीला हे कळलं कारण त्याच्याविरुद्ध मत देणारे दोन सर्व्हर हजर होते. कॉन्फिगरेशनमध्ये दोनच सर्व्हर असते आणि ते भांडले असते, तर खरा कोण हे ठरवायला काहीच आधार उरला नसता. म्हणून चार सर्व्हर ठेवावेत. एक बंद पडला तरी तीन राहतात, आणि तिघांत बहुमत लागतं.

सगळेच प्रश्नचिन्हवाले असतील तर ‘क्रोनीसी ॲक्टिव्हिटी’ बघा. सगळे ऑफलाइन दिसले तर लॅपटॉपवर नेटवर्कमॅनेजरने क्रोनीला नेट आल्याचं कळवलंच नसावं, ‘क्रोनीसी ऑनलाइन’ देऊन बघा. पत्ता माहीत नाही असे दिसले तर नावावरून आयपी पत्ता शोधणारं डीएनएस अडलंय. आणि इथे एक खरा चक्रव्यूह आहे. घड्याळ खूप चुकलेलं असेल तर डीएनएसच्या सह्या तपासणारा रिझॉल्व्हर सह्यांची मुदत बाहेर गेली म्हणून उत्तर नाकारतो. उत्तर नाही म्हणून एनटीपी सर्व्हरचा पत्ता मिळत नाही. पत्ता नाही म्हणून घड्याळ सुधारत नाही. अशा वेळी, आणि मोजमाप लिहून ठेवलेलं असेल तरच, ‘डेट’ने ढोबळ वेळ हाताने बसवणं योग्य. कायमचा उपाय म्हणून एखादा सर्व्हर थेट आयपी पत्त्याने लिहून ठेवा.

पाकीट जातंय का, येतंय का

एनटीपी यूडीपीच्या १२३ पोर्टवर चालतं. पिंगला उत्तर आलं म्हणजे एनटीपी चालेल असं नाही. वेळ चुकलेल्या मशीनवर हे चालवा आणि दुसऱ्या खिडकीतून ‘क्रोनीसी बर्स्ट ४/४’ द्या:

टीसीपीडंप -एनआय एनी यूडीपी पोर्ट १२३

पाकीट बाहेर पडतंय आणि उत्तर येत नाही, तर वाटेत कोणीतरी अडवतंय. ऑफिसची फायरवॉल, क्लाउडचा सिक्युरिटी ग्रुप, कधी इंटरनेट पुरवणारी कंपनीही. २०१३-१४ च्या सुमारास एनटीपी सर्व्हर वापरून मोठे डीडॉस हल्ले (पाकिटांचा पूर लोटून सर्व्हर बंद पाडणारे) झाले, तेव्हापासून १२३ पोर्टवर निर्बंध घालायची सवय पुष्कळांना लागली. पाकीट बाहेरच पडत नसेल तर अडचण तुमच्याच मशीनवर आहे. फक्त वेळ घेणाऱ्या मशीनवर आत येणारा १२३ पोर्ट उघडायची गरज नसते, हे फायरवॉलवाल्यांना सांगताना लक्षात ठेवा. बाहेर जाणारी विनंती आणि तिचं उत्तर एवढंच पुरतं. क्रोनीसुद्धा ‘अलाव’ ही ओळ लिहिल्याशिवाय १२३ वर ऐकत बसत नाही.

पाकीट जातंय, उत्तर येतंय, रीच ३७७ आहे आणि तरीही सर्व्हर निवडला जात नाही, हा प्रकार चांगल्याचांगल्यांना गोंधळवतो. तिथे रूट होऊन ‘क्रोनीसी एनटीपीडेटा’ चालवा. एनटीपी टेस्ट्स या ओळीत दहा चाचण्यांचे निकाल एक-शून्यात असतात, जिथे शून्य तिथे नापास. याचं नेहमीचं उदाहरण म्हणजे विंडोजचा डोमेन कंट्रोलर वेळेचा सर्व्हर म्हणून दिलेला असणं. विंडोज पुष्कळदा आपली रूट डिस्पर्शन, म्हणजे संभाव्य चुकीची मर्यादा, तीन सेकंदांच्या वर सांगतं. क्रोनीची मॅक्सडिस्टन्स मुळात ३ सेकंदच आहे, त्यामुळे ते त्याला बेभरवशाचा म्हणून बाजूला ठेवतं. कॉन्फिगरेशनमध्ये ‘मॅक्सडिस्टन्स १६.०’ लिहिलं की जुळतं. पण दुसरा चांगला सर्व्हर मिळत असेल तर तोच घ्या.

मिलिसेकंदांच्या मागे असणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. एनटीपी जाण्यायेण्याचा एकूण वेळ मोजतं आणि जायला लागला तेवढाच यायला लागला असं धरतं. जाताना १० आणि येताना ५० मिलिसेकंद लागले, तर घड्याळ २० मिलिसेकंदांनी चुकेल आणि कोणत्याही आकड्यात ते चूक म्हणून दिसणार नाही. एकूण विलंबाचा निम्मा भाग ही या कारणाने होणाऱ्या चुकीची कमाल मर्यादा. म्हणून जवळचा सर्व्हर निवडायचा, आणि अधिक-उणेच्या खुणेपुढचा आकडा गांभीर्याने घ्यायचा.

सर्व्हर मिळाला, पण वेळ सुधारत का नाही?

बहुतेक वेळा सुधारत असते, फक्त फार हळू. क्रोनीच्या नेहमीच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘मेकस्टेप १.० ३’ अशी ओळ असते. पहिल्या तीन मोजमापांत फरक एका सेकंदापेक्षा जास्त असेल तरच उडी मारायची, त्यानंतर कधीच नाही. पुढे घड्याळ थोडं जोरात किंवा सावकाश चालवून फरक भरून काढला जातो. क्रोनीचा कमाल वेग एक बारांश आहे, म्हणजे तासाला पाच मिनिटं. दहा मिनिटांच्या फरकाला दोन तास लागतात, साडेपाच तासांच्या फरकाला ६६ तास. एनटीपीडी याहून कितीतरी सावकाश, ५०० पीपीएमने सरकतो, म्हणजे एका सेकंदाला अर्ध्या तासाहून जास्त. आणि फरक १००० सेकंदांच्या वर गेला तर तो सरळ काम सोडून बंद पडतो. सुरू करताना -जी दिला असेल तरच पहिल्या वेळी एवढी मोठी दुरुस्ती करतो.

‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ मधल्या सिस्टम टाइमच्या ओळीवर फरक कमी होताना दिसत असेल तर थांबायचं किंवा ‘क्रोनीसी मेकस्टेप’ देऊन उडी मारायची. त्या मशीनवर डेटाबेस चालू असेल तर मागे जाणारी उडी मारण्याआधी तो बंद करा. आधी झालेल्या व्यवहारावर नंतरची वेळ पडलेली असणं हा नंतर निस्तरायला फार वाईट घोळ आहे.

त्याच ट्रॅकिंगमध्ये फ्रीक्वेन्सी नावाची ओळ असते, तीही बघा. तुमचं घड्याळ मुळात किती पीपीएमने चुकतं ते ती सांगते. काही दहा पीपीएम ठीक. कित्येक शे दिसले तर कर्नल कशाच्या आधारे मोजतंय ते तपासा:

कॅट /सिस/डिव्हायसेस/सिस्टम/क्लॉकसोर्स/क्लॉकसोर्स०/करंट_क्लॉकसोर्स

नेहमी टीएससी, म्हणजे प्रोसेसरमधला टायमर, असतं, केव्हीएमच्या व्हर्च्युअल मशीनवर केव्हीएम-क्लॉक. तिथे एचपेट किंवा एसीपीआय_पीएम दिसलं तर ‘डीमेसेज’मध्ये टीएससी अनस्टेबल ठरवल्याची ओळ शोधा. स्फटिकाची किंवा बायोसची गडबड तिथे पकडली जाते. आणि एका मशीनची डिस्क दुसऱ्यावर क्लोन केली असेल तर /व्हार/लिब/क्रोनी मधली ड्रिफ्ट फाइल काढून टाका. त्यात जुन्या मशीनच्या स्फटिकाची चूक लिहिलेली असते.

मशीनच्या जातीप्रमाणे

व्हर्च्युअल मशीन थांबवून, स्नॅपशॉट घेऊन किंवा एका होस्टवरून दुसऱ्यावर हलवून परत चालू केलं की आतलं घड्याळ मागे राहू शकतं. पहिली तीन मोजमापं केव्हाच संपलेली असतात, त्यामुळे क्रोनी उडी मारत नाही. अशा मशीनवर ‘मेकस्टेप १ -१’ लिहा, म्हणजे मर्यादाच उरत नाही. केव्हीएमवर पीटीपी_केव्हीएम मॉड्यूल लोड केलं तर होस्टचं घड्याळ /डेव्ह/पीटीपी० म्हणून मिळतं आणि क्रोनीला ते थेट देता येतं. ॲमेझॉनच्या मशीनवर १६९.२५४.१६९.१२३ हा पत्ता आतल्या आतच वेळ देतो, १२३ पोर्टसाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही.

कंटेनरला स्वतःचं घड्याळ नसतं. तो होस्टच्या कर्नलचंच वापरतो, त्यामुळे कंटेनरच्या आत क्रोनी बसवून काही होत नाही, फक्त परवानगी नाकारल्याच्या ओळी लॉगमध्ये साठतात. होस्टवर जा आणि तिथे सुधारा.

रास्पबेरी पायमध्ये चौथ्या पिढीपर्यंत आरटीसीच नाही. पाचव्या पिढीत आहे, पण सेल वेगळा जोडावा लागतो. आरटीसी नसलेलं किंवा सेल मेलेलं मशीन चालू होताना सिस्टमडी एक सोय करतं: वेळ त्याच्या स्वतःच्या बिल्डच्या तारखेआधीची असेल तर घड्याळ तिथपर्यंत पुढे ढकलतं. म्हणून १९७० ऐवजी एखादी विचित्र, मधलीच तारीख दिसते आणि लोक बुचकळ्यात पडतात. अशा मशीनचा लॉग वाचताना ‘जर्नलसीटीएल -बी -ओ शॉर्ट-मोनोटॉनिक’ वापरा. तारखेऐवजी बूट झाल्यापासूनचे सेकंद येतात आणि ते कधीच उडी मारत नाहीत. घड्याळ नेमकं कधी सरकलं आणि त्याच्या आधी कोणती सेवा कोसळली, हे फक्त असंच कळतं.

भारतात कोणते सर्व्हर लावायचे

भारतीय प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत राखली जाते. एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान केंद्राचे समय१.एनआयसी.इन आणि समय२.एनआयसी.इन, तसंच प्रयोगशाळेचा टाइम.एनपीएलइंडिया.ओआरजी हे सर्वांना वापरता येतात. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी या सर्व्हरशी किंवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी घड्याळं जुळवायची आहेत. अनेक देशांत पसरलेल्यांना दुसरे अचूक स्रोत चालतात, मात्र त्यांची वेळ यांच्यापासून ढळता कामा नये. घरच्या मशीनला इन.पूल.एनटीपी.ओआरजी पुरेसा आहे.

गूगलचे सार्वजनिक सर्व्हर इतरांत मिसळू नका. लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी वेळ जुळवायला अधूनमधून घातलेला जादा सेकंद) आला की ते त्याला एकदम न घालता दिवसभर पसरवतात, त्यामुळे त्या दिवशी त्यांच्यात आणि बाकीच्यांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो. शेवटचा लीप सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे ५:२९:६० ला आला होता. त्यानंतर आलेला नाही, तरी मिसळ टाळलेली बरी.

दुरुस्तीनंतरची तपासणी

‘क्रोनीसी ट्रॅकिंग’ मध्ये लीप स्टेटस नॉर्मल हवं आणि रेफरन्स आयडी शून्यांचा नसावा. मग ‘एचडब्ल्यूक्लॉक --सिसटूएचसी’ देऊन बरोबर वेळ आरटीसीत लिहा. क्रोनीत ‘आरटीसीसिंक’ असेल तर कर्नल दर ११ मिनिटांनी ते स्वतःच करतं, पण रीबूट लगेच करायचं असेल तर वाट बघू नका. आता मशीन पूर्ण बंद करा, शक्य असेल तर वीजही काढा. दहा मिनिटांनी नेटवर्कची केबल न लावता चालू करा आणि ‘टाइमडेटसीटीएल’ बघा. वर्ष चुकलं तर सेल बदला, १९८०० सेकंद दिसले तर आरटीसीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही.

केबल लावल्यावर ‘क्रोनीसी वेटसिंक’ घड्याळ जुळेपर्यंत थांबून राहतं. वेळ चुकल्यावर बिघडणाऱ्या सेवा, म्हणजे डेटाबेस किंवा कर्बेरॉसवरचं काहीही, यांच्या युनिट फाइलमध्ये आफ्टर पुढे टाइम-सिंक.टार्गेट लिहा आणि क्रोनी-वेट ही सेवा चालू करा. नुसतं टार्गेट लिहून भागत नाही: क्रोनी-वेट बंद असेल तर ते टार्गेट घड्याळ जुळायच्या आधीच पूर्ण झाल्याचं धरलं जातं.